तिसऱ्या दवाखान्याचं मी खोटं सांगितलं होतं

नाव आधी लिहितो. डॉक्टर सुलता मॅडम. माझ्या छातीत जे धडधडतं ते हार्ट नाही, भीती आहे, आणि भीती हासुद्धा आजारच असतो, त्याची लाज धरायची नसते, हे मला पहिल्यांदा ज्यांनी सांगितलं त्या तुम्ही. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात, तुमच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून मी ते ऐकलं. आज मी पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहे, सातव्या-आठव्या मजल्यावर उभा राहू शकलो, ते तुमच्यामुळं. एवढं आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

पुढचं म्हणजे, तुम्ही नाही. अकरा दिवस झाले.

मंदा सिस्टरांचा फोन आला होता. म्हणाल्या, केंद्रात शोकसभा ठेवली आहे, ज्याला जे आठवतं ते लिहून द्या, मी वाचून दाखवते. मी म्हटलं, ‘सिस्टर, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, मी काय लिहू?’

‘मॅडमसंग तासतासभर फोनवर बोलत होता तवा आठवी आडवी आली होती काय?’

म्हणून लिहितोय. बोललो असतो तसंच लिहितो. फक्त तुम्ही मधे मधे ‘मंग?’ म्हणणार नाही, त्याची सवय करावी लागेल.

तुमची बातमी आली तो बुधवार होता. मी सहाव्या मजल्यावर स्लॅबखालचे ठेपे तपासत होतो. मंदा सिस्टरांचं नाव मोबाइलवर बघितलं आणि वाटलं, मॅडम पुण्याला यायला निघाल्या असतील, सामानाचं काहीतरी असेल. सिस्टर म्हणाल्या, ‘प्रभाकर, बसून आहेस का उभा?’ मी म्हटलं उभा. ‘बस.’ मी बसलो नाही. मग त्यांनी सांगितलं. काल दुपारी चार्ज दिला, आईला भेटायला बसनं आष्टीपर्यंत गेल्या, तिथं तुमचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता, मागं बसल्या. दिवेलागणीला धानाच्या बांधीतून डुक्कर निघालं आणि गाडीसमोर आलं. भावाचा हात मोडला. तुम्ही डोक्यावर पडल्या. गडचिरोलीला पोचेपर्यंत...

आणि मी काय विचारलं सांगू का? मी विचारलं, ‘डुकराचं काय झालं?’

मला अजून कळत नाही मी तसं काऊन विचारलं. एवढी मोठी गोष्ट ऐकून माणसाच्या तोंडून डुक्कर निघतं, हे काय आहे मॅडम? तुम्ही असत्या तर तुम्हालाच विचारलं असतं. तुम्ही सांगितलं असतं, ‘होते तसं भाऊ, डोकं मोठ्ठा घास गिळू शकत नाई, लहान उचलते.’ बघा, तुमचं उत्तरही मीच देतोय. तुम्ही खरंच असं म्हटलं असतं की नाही, कोणाला विचारू?

शनिवारी सकाळी तुमची गाडी पुण्याला पोचणार होती. तुमचा मेसेज आहे अजून. ‘शनिवारी सकाळी येते. स्टेशनवर या. दोन बॅगा आहेत, जड आहेत, पुस्तकाच्या आहेत, आत्तापासून सांगून ठेवते.’ मला माहीत होतं तुम्ही नाही. बुधवारीच माहीत झालं होतं. तरी शनिवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गाडी आली. माणसं उतरली. डबे रिकामे झाले, झाडूवाले चढले, तरी मी उभा होतो. एका हमालानं विचारलं, ‘कोणाची वाट बघताय?’ मी म्हटलं, ‘डॉक्टर येणार होत्या.’ तो म्हणाला, ‘पुढच्या गाडीनं येतील.’ मी हो म्हटलं.

मॅडम, आता सभेतल्या लोकांसाठी थोडं सांगतो, म्हणजे त्यांना कळेल मी कोण.

मी नागपूरला पुलाच्या कामावर होतो तेव्हा पहिल्यांदा झालं. वर चढलो आणि छाती फुटेल असं धडधडलं, हात गार, तोंड कोरडं, आता मरतो. खाली उतरवलं. पट्टी काढली हृदयाची, म्हणजे ईसीजी, चांगली निघाली. परत झालं, परत पट्टी, परत चांगली. गावी आलो. आई म्हणाली बाहेरचं आहे. पुजाऱ्याकडं नेलं, लिंबू झाले, कोंबडा झाला. मग घरात बसलो, सहा महिने. अंगणाच्या पलीकडं जायचो नाही. एक दिवस मंदा सिस्टर लसीच्या कामानं घरी आल्या आणि मला हाताला धरून तुमच्यापुढं बसवलं.

तुम्ही तपासलं आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचं हार्ट बैलासारखं आहे.’

‘मंग मरत काऊन आहो मी?’

‘मरून नाई राह्यले. भिऊन राह्यले. मेल्यासारखंच वाटते, म्हणून तुमाले फरक समजून नाई राह्यला.’

मी रडलो. बाहेर बाया बसल्या होत्या, त्यांना दिसू नये म्हणून तुम्ही उठून दार लोटलं. त्या दार लोटण्यावर माझं आयुष्य उभं आहे, असं मला आता वाटतं. गोळी तर कोणीही लिहून दिली असती.

गोळीनं आणि तुमच्या बोलण्यानं मी उभा राहिलो. परत कामाला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाल्या, मी फोनवर गोळी चालू ठेवणार नाही, जिथं काम कराल तिथल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवायचं. म्हणून मी नागपूरला दाखवलं. मग हैदराबादला काम लागलं, तिथं दाखवलं. मग पुणे.

आणि त्याच वेळी तुम्ही प्रवेश परीक्षा पास झाल्या. तुम्हाला एमडी करायचं होतं, तेही याच विषयात. देशभरात किती जागा, कुठली आधी भरायची, कुठली नंतर, याची यादी ऑनलाइन भरायची असते. तुमच्या सोबतची पोरं सीनियर लोकांना फोन करून विचारत होती, ड्यूटी किती तासांची, हॉस्टेल कसं, शिकवतात का नुसतं राबवतात, नंतर बॉण्ड किती. ते तुम्हीही विचारलं. पण एक दिवस मला फोन केला.

‘भाऊ, तुमी दोन ठिकाणच्या ओपीडीत बसले ना? मले सांगा कोणतं चांगलं.’

‘मॅडम, मी काय सांगू? मी तं पेशंट.’

‘म्हणूनच. डॉक्टरच्या खुर्चीतून कसं दिसते ते मले सीनियर सांगते. स्टुलावरून कसं दिसते ते कोण सांगन?’

मग तुम्ही असे प्रश्न विचारायच्या की मी चक्रावून जायचो. नाव घेऊन बोलावतात का नंबर? दार लावतात का उघडं? आधी ज्यांना दाखवलं तेच डॉक्टर पुढच्या महिन्यात भेटतात का नवीन? शिकाऊ डॉक्टर बोलतो तेव्हा मोठे डॉक्टर त्याचं ऐकतात का? तो झोपेत असल्यासारखा दिसतो का? हा शेवटचा प्रश्न तुम्ही दर वेळी विचारायच्या. मी म्हटलं, त्याच्या झोपेचं तुम्हाला काय? तुम्ही म्हणाल्या, ‘तीन वर्षं त्या खुर्चीत मीच बसणार आहो.’

नागपूरचं मी खरं सांगितलं. गर्दी फार, पण शिकाऊ डॉक्टर आपल्याकडचा होता. ‘काऊन घाबरून राह्यले काका’ म्हणाला, आणि मी तेहतीस वर्षांचा. तुम्ही त्यावर किती हसल्या. हैदराबादचंही खरं सांगितलं. त्या डॉक्टरांना माझं बोलणं कळेना, मला त्यांचं. शेवटी त्यांनी कागदावर एक माणूस काढला, त्याच्या छातीत रेघोट्या मारल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग पोटात रेघोट्या मारल्या. मी नाही म्हटलं. असं करत करत अर्धा तास. तुम्ही म्हणाल्या, ‘हे लिहून ठेवते. अर्धा तास देणारा सीनियर असंन तं जागा चांगली.’

मी मात्र तुमच्याशी भांडत होतो. आठवतं ना? मी म्हणायचो नागपूर भरा. जवळ आहे, आई येऊन जाईल, भात आपल्यासारखा मिळेल. आणि हा विषयच कायले घेता? बायांचं करा, लेकरांचं करा. तुमचे बाबा पण तेच म्हणत होते.

‘गावात पागलांची डॉक्टर म्हणतीन तुमाले. पाह्याले पोरगा येणार नाई कोणी,’ मी म्हटलं.

‘तुमी पागल आहा काय भाऊ?’

‘मी कायले पागल?’

‘मंग मी पागलांची डॉक्टर कशी झाली?’

याचं उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं, पण तोवर तुम्ही वेगळ्या विषयावर गेल्या होत्या. आता ते काय होतं हे पण आठवत नाही.

एकदाच तुम्ही खरं कारण सांगितलं. तुमच्या दादूचं, म्हणजे आजोबांचं. दंगलीत पूर्व बंगालातून निघून गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडच्या रानात वसवलेल्या पहिल्या लोकांतले ते. शेती केली, घर बांधलं, नातवंडं झाली, आणि मरेपर्यंत जेवताना दाराकडं तोंड करूनच बसायचे. बाहेर गाडी थांबली की हातातला घास खाली ठेवायचे. कोणी त्याला आजार म्हटलं नाही. ‘म्हातारा असाच आहे’ म्हणायचे. तुम्ही म्हणाल्या, ‘आमच्या गावात तसे किती तरी आहेत. पलीकडच्या आदिवासी टोल्यावर पण आहेत, सूरजागडच्या खाणीच्या बाजूला पण असतीन. असाच आहे म्हणते अन् सोडून देते. जिल्ह्यात बसून विचारणारं कोणी नाई.’ शिकून परत यायचं, हे तुमचं ठरलेलं होतं. मी म्हणायचो, एकदा बाहेर निघालं की कोणी येत नाही, मला बघा. तुम्ही म्हणायच्या, बघू. हे भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही जिंकल्या असत्या, आणि मला ते बघायचं होतं.

आता ते सांगतो जे तुम्हाला सांगितलं नाही.

पुण्याला आलो तेव्हा नागपूर-हैदराबादपेक्षा वेगळं झालं. इथं मी अगदी एकटा. सोबतचे बाकी गावचे, माझ्या बोलण्याला हसणारे. ‘मले’ म्हटलं की दिवसभर ‘मले मले’ करतात. तुम्ही म्हणाल्या, तिथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, गोळ्या पण मिळतील आणि मला पण कळेल, यादी भरायची तारीख जवळ आली. गणपती बुडवायच्या दिवशी साइटला सुट्टी मिळाली, म्हणून त्याच दिवशी गेलो. फाटकापर्यंत गेलो. आत मोठमोठ्या इमारती, माणसं धावताहेत, पाटी वाचायला गेलो तर अक्षरं हलायला लागली. वॉचमननं विचारलं, ‘कुठं जायचंय?’ त्यानं काही वाईट विचारलं नाही. मला ‘मानसोपचार’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, ‘कुठी नाई.’ त्यानं परत विचारलं, काय? मी वळलो. समोरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसलो. मग खोलीवर आलो.

संध्याकाळी तुमचा फोन. ‘मंग भाऊ? कसं आहे?’

आणि मी सांगितलं, मॅडम. बाकं स्वच्छ आहेत म्हटलं. खूप पेशंट होते म्हटलं. नाव घेऊन बोलावलं. दार लावलं. डॉक्टरबाई होत्या, झोप झालेल्या दिसत होत्या. तुम्हाला जे जे आवडतं ते ते मी त्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, ‘अन् गोळ्या भेटल्या?’ मी म्हटलं, ‘हव, भेटल्या.’

गोळ्या भेटल्या नव्हत्या. होत्या त्या मी अर्ध्या करून घेतल्या, मग संपल्या.

यादी लागली तेव्हा तुम्ही फोन केला, ‘भाऊ, पुणे लागलं. पहिल्या नंबरवर टाकलं होतं.’ मी ‘वा’ म्हटलं. माझ्या खोट्यावर तुम्ही तीन वर्षं लावली. वाटलं, आल्या की सांगू. स्टेशनवर बॅग उचलतानाच सांगू. तोंडासमोर रागावतील, पण बॅग तर घ्यावीच लागेल माझ्या हातून.

आणि तुम्ही आल्याच नाही.

बुधवारपासून माझ्या डोक्यात एकच. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही नागपूर भरलं असतं. नागपूर भरलं असतं तर त्या दिवशी, त्या वेळेला, त्या रस्त्यावर... धडधड परत सुरू झाली आहे मॅडम. मुकादमानं वर चढू देणं बंद केलं, खाली सळया मोजायला बसवलं आहे. परवा मंदा सिस्टरांना फोन केला आणि सगळं ओकलो.

सिस्टर म्हणाल्या, ‘झालं तुह्यं बोलून? मॅडमले माहीत होतं.’

मी म्हटलं, काय माहीत होतं?

‘तू आत नाई गेला ते. अरे, त्या दिवशी पुण्याले सुट्टी असते, ओपीडी बंद. आपल्याकडं नसते म्हणून तुह्या डोक्यात नाई आलं. मॅडमची मैत्रीण आहे तिथी, तिनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं. अन् तू म्हणतो खूप पेशंट होते.’

माझ्या साइटला ज्या कारणानं सुट्टी, त्याच कारणानं ओपीडीला सुट्टी. हे एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘मंग रागावल्या असतीन,’ मी म्हटलं.

‘नाई. इंजेक्शनच्या खोलीत माह्यासमोरच बसून होत्या. मी म्हटलं, खोटारडा आहे प्रभाकर. तं म्हणते कशी, सिस्टर, दोन ठिकाणी जाऊन आलेला माणूस आहे तो. गोळी घेणारा, ऐकणारा. तो फाटकातून परत आला, तं ज्यानं कधीच दाखवलं नाई त्याचं काय होत असंन? तिथली पोरं आतमधे चांगलीच शिकत असतीन, म्हणे. फाटकाबाहेरचं कोण शिकवते? मले तेच शिकायचं आहे, त्याच फाटकावर. अन् तिथीच टाकला पहिला नंबर.’

मी विचारलं, ‘मंग मले काऊन नाई बोलल्या?’

‘म्हणे, भेटल्यावर मीच संग नेते त्याले. रस्ता दाखवायच्या बहाण्यानं. फोनवर पकडलं तं परत फोन नाई करणार.’

मग मी रडायला लागलो तर सिस्टर खेकसल्या. ‘अन् ऐक. नागपूर लागलं असतं तरी चार्ज देऊन ती त्याच रस्त्यानं आईले भेटाले गेली असती. डुक्कर का तू पाठवलं होतं? लय मोठा समजून राह्यला स्वतःले.’

हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं पण, आणि नाही पण. मला कशानं हलवलं सांगू? तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही दोन महिने माझ्याशी तसंच बोलत राहिल्या. दर फोनला ‘गोळी चालू आहे ना?’ विचारायच्या. मी ‘हव’ म्हणायचो. तुम्ही ‘बरं’ म्हणायच्या. त्या ‘बरं’मधे एवढं सगळं भरलेलं होतं, ते मला आता, अकरा दिवसांनी ऐकू येतंय.

सिस्टर, हे पण वाचा सभेत. खोटं बोललो ते वगळू नका. तिथं कोणीतरी माझ्यासारखा मागच्या बाजूला उभा असेल.

मॅडम, तुमची जागा रिकामी राहणार नाही म्हणतात. दुसऱ्या फेरीत कोणालातरी मिळेल. तो किंवा ती माझ्याहून लहान असेल, नवीन असेल, झोप झाली नसेल. सोमवारी मी कामावर खाडा करतो आणि त्या ओपीडीत जातो. वॉचमननं विचारलं तर ‘मानसोपचार’ हे नाव घेतो. त्याला ऐकू नाही गेलं तर परत घेतो. आत जे भेटतील त्यांना गोळ्या बंद केल्याचं सांगतो, तुमचं सांगतो. आणि नवीन डॉक्टर आले की त्यांच्यासमोर पण बसतो.

एवढ्यानं तुमचं फिटत नाही, कळतं मला. पण या शहरात आपल्याकडचे लोक किती आहेत, सेंट्रिंगवर, वीटभट्टीवर, कंपन्यांच्या गेटवर. त्यातला कोणी छातीवर हात ठेवून बसलेला दिसला तर मी त्याला दवाखान्याचा पत्ता सांगून सोडणार नाही. संग जाईन. आतपर्यंत, दार लोटेपर्यंत. मग बाहेर बाकावर बसून राहीन तो निघेपर्यंत. पहिला कधी भेटेल माहीत नाही, आणि किती नेले म्हणजे तुमचं ऋण फिटेल, तेही माहीत नाही. फेडीन, मॅडम.